हजेरीपटावर नसलेली तीन नावं

मी शाळेत समुपदेशक आहे. दरवर्षी नववीचा समाजालेख काढते, म्हणजे वर्गात कोण कोणाला निवडतं याचं चित्र. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनोंनी १९३०च्या दशकात रुजवलेली साधी रीत आहे ही. गटात कोण हवं, अशी तीन नावं प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायची. मग कागदावर प्रत्येकाचं एक वर्तुळ आणि निवडणाऱ्याकडून निवडलेल्याकडे बाण. माझी नजर असते ती एकही बाण न आलेल्या वर्तुळावर. नावडत्या मुलाबद्दल वर्ग निदान बोलतो तरी. कुणाच्या ध्यानीमनीही नसलेलं मूल असंच शोधावं लागतं.

यंदा अशी एक मुलगी निघाली. तिचे स्वतःचे बाणही जोडता येईनात, कारण तिने लिहिलेली तिन्ही नावं हजेरीपटावर नव्हती. "गंमत केली असेल, चिठ्ठी बाद करा," वर्गशिक्षिका म्हणाल्या. गैरहजेरी नाही, तक्रार नाही, प्रगतिपुस्तकावर 'शांत व गुणी'. शांत मूल म्हणजे सुखी मूल, हे आपण किती सहज धरून चालतो!

तिला बोलावलं. "मॅडम, इथलीच नावं लिहा असं कुठे म्हणाला होतात?"

दोन वर्षांपूर्वी घर बदललं होतं. नावं जुन्या घराशेजारच्या मैत्रिणींची. मी म्हटलं, आता राहतेस तिथला नकाशा काढ. फाटक, लिफ्ट, दार. एक सरळ रेघ. जुन्या भागाला मात्र कागद पुरेना. कुणाच्या दारात कुत्रं, कुठल्या पायरीवर गृहपाठ, भिंत कुठे पडलीय म्हणजे पलीकडे जाता येतं, सगळं. कागद उलटून पाठीमागेही काढलं.

मग तिची जुनी प्रश्नावली काढली. कॅरल गुडनाऊंची, १९९३ची, शाळेतल्या आपलेपणावरची १८ विधानं, प्रत्येक कितपत खरं वाटतं त्याला एक ते पाच गुण द्यायचे. बेरीज बरी आली म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. शिक्षकांबद्दलच्या विधानांना पाचपैकी पाच, मुलांबद्दलच्यांना एक किंवा दोन. बेरजेने ते झाकलं. एकेक विधान वाचायला दहा मिनिटं लागली असती.

वर्गशिक्षिकांना विश्वासात घेऊन सांगितलं, तर त्यांनी भर वर्गात जाहीर केलं, "हिला मैत्रीण नाही, हिला खेळायला घ्या." हेतू चांगला होता, पण त्या दिवसापासून ती माझ्या खोलीकडे फिरकली नाही.

चिठ्ठी माझ्याकडेच आहे. त्या तिघींनी आज हिचं नाव लिहिलं असतं का, हा प्रश्न तेव्हा ओठांवर आला होता. विचारला नाही.