साठ किलोमीटर, दोनशे साठ मिली

मागच्या खेपेला लिहिलं तेव्हा माझ्या जुन्या जावा मोटरसायकलचं इंजिन टेबलावर होतं आणि मी फार खुशीत होतो. आता इंजिन फ्रेममध्ये बसलंय, गाडी चालते, आणि मधल्या तीन महिन्यांत ती खुशी एकदा पार उतरून पुन्हा चढली आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी १९६९ ची जावा २५०, मॉडेल ३५३, मैसूरच्या आयडियल जावात बनलेली. आजोबांनी घेतली, काकांनी झिजवली आणि नंतर इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या जिन्याखाली पंचवीसेक वर्षं ती पोती, सायकली आणि एका मोडक्या कूलरच्या संगतीत उभी राहिली. किक मारली तर इंजिन हलायचं नाही, इतकं जाम.

सिलिंडर मूळ ६५ मिलिमीटरचा. त्यात ओरखडे होते म्हणून अर्धा मिलिमीटर मोठा बोर करून घेतला, पिस्टन आणि रिंगा त्या मापाच्या. क्रँकला (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) नवा कनेक्टिंग रॉड लेथवाल्याकडून प्रेस करून, सरळ करून आणला. बेअरिंग नवे, सील (तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) नवे. इंजिन मात्र मी घरीच भरलं, दोन रविवार घालवून. पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर, टायमिंग (म्हणजे ठिणगी कधी पडायची ते) हेड उघडं असतानाच व्हर्नियरने मोजून, पिस्टन माथ्याला पोचायच्या साडेतीन मिलिमीटर आधी. इथपर्यंत सगळं वहीत लिहिलेलं आहे, आणि वहीत चूक नाही. चूक झाली ती वहीत न लिहिलेल्या गोष्टीत.

स्टार्टिंगच्या दिवशी भाचा मोबाइल घेऊन शूटिंगला उभा. कार्बोरेटरवरचा टिकलर (पेट्रोल वर आणणारं बटण) बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबला, गिअरचा लिव्हर आत ढकलून वर फिरवला (जावात गिअर आणि किक एकच दांडा, अनोळखी माणूस गाडीला किकच नाही म्हणून शोधत बसतो), आणि चौथ्या किकला गाडी बोलली. तो आवाज ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काही न बोलता परत आत गेली.

मग धूर. टू-स्ट्रोक आहे म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, नवा पिस्टन आहे, भरताना सढळ हाताने तेल लावलंय, तर सुरुवातीला धूर येणारच, असं म्हणून मी पहिला दिवस काढला. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू म्हणाल्या, "अरे, मला वाटलं निगमची डासांची गाडी आली, खिडक्या लावून घेतल्या मी." देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर मिरवलेल्या गावात ही शोभा!

मी काय केलं असेल? तेच, जे करू नये. पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली ऑइल टाकत होतो, म्हणजे पंचवीसास एक. ते तीसवर आणलं. धूर तेवढाच. प्लग काढला तर काळा आणि ओला. कार्बोरेटर तीनदा उघडला, जेट फुंकले, सुई एक खाच खाली केली. काही फरक नाही. शेवटी मन लेथवाल्यावर घसरलं, की बोरच वाकडा केला असेल, रिंगा बसत नसतील. भांडायला जायचं ठरवूनच सिलिंडर उतरवायला घेणार होतो.

त्याआधी छोटी ग्वालटोलीत गॅस्केट घ्यायला गेलो होतो. तिथे एक उस्ताद आहेत. हात थरथरतात म्हणून पाना धरत नाहीत, मुलाच्या गॅरेजबाहेर स्टुलावर बसून चहा पितात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गेयर का तेल देखा?" म्हटलं, एक लिटर भरलंय, कुठेही गळत नाही, फरशी कोरडी आहे. त्यावर ते म्हणाले, "तो भिया, नीचे टपका नी, तो गया कां?" आणि वर, "ऑइल कम किया? नया पिस्टन चिपकाओगे क्या?" म्हणून एक सणसणीत वेगळी (ऑइल कमी पडलं की पिस्टन सिलिंडरला चिकटतो).

घरी येऊन इंजिन गरम केलं आणि गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काढून तेल आईच्या मोजमापाच्या जगात घेतलं (आई हे वाचत नाही, वाचलं तर जग नवा आणून देईन). शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलो. ७४० मिली. मीटरवर तोवर साठ किलोमीटर. म्हणजे दोनशे साठ मिली गिअर ऑइल सायलेन्सरमधून लोकमान्य नगरच्या हवेत गेलं होतं.

ज्यांना हे आधीच कळलं त्यांनी हसून घ्या. बाकीच्यांसाठी सांगतो, कारण हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर महिना वाचला असता. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, त्या ओढीनेच कार्बोरेटरमधून मिश्रण आत येतं. क्रँकच्या डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेले, आणि मध्ये फक्त एक रबरी सील. त्याची कड फाटली की पिस्टन पेट्रोलबरोबर गिअरचं तेलही ओढून जाळतो. धूर येतो, प्लग ओला होतो, जमिनीवर मात्र थेंब नाही. उजव्या बाजूचा सील गेला तर उलटा प्रकार. तिकडे वीज बनवणारा डायनॅमो, सगळं कोरडं, म्हणून तेलाऐवजी हवा ओढली जाते. मग धूर नाही, पण गाडी आयडलला उतरत नाही, आपोआप रेस होते आणि तापते. एकच सुटा भाग, पण कुठल्या बाजूचा गेला त्यावर गाडी दोन वेगळ्या आजारांची सोंगं घेते.

डावं कव्हर, क्लचच्या स्प्रिंगा, बुचाच्या प्लेटा, चेन, पुलर लावून इंजिन स्प्रॉकेट, एकेक करून सगळं उतरवलं. सील बाहेर काढून उन्हात फिरवला. त्याच्या कडेवर नखाने टोचल्यासारखी एक चीर, तीनेक मिलिमीटरची. सील खराब निघाला नव्हता, तो मी खराब केला होता. क्रँकच्या टोकाला धारदार कडा आहे, आणि मी नवा सील त्या कडेवरून तसाच सरकवून बसवला होता. लेथवाल्याशी मनातल्या मनात जेवढं भांडलो तेवढी मनातल्या मनात माफीही मागितली.

यावेळी सांचीच्या दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, क्रँकच्या टोकावर गुंडाळली, वर ग्रीस, आणि सील त्यावरून अलगद घसरवत नेला. मग पिशवी हळूच ओढून घेतली. पातळ, गुळगुळीत आणि फुकट. सील स्वतः शंभर रुपयांच्या आतला.

इंजिन उघडं असताना टाकीचं काम केलं. आत गंज इतका की हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजायची. साखळीचे तुकडे टाकून हलवणं हा प्रकार मला आवडत नाही, हात दुखतात आणि कोपरे तसेच राहतात. मी पाणी भरून त्यात धुण्याचा सोडा विरघळवला, तोंडातून रबरी बुचात अडकवलेला सळईचा तुकडा आत सोडला, आणि बॅटरी चार्जर लावला. सळईला प्लस, टाकीला मायनस. उलटं जोडलं तर सळईऐवजी टाकी विरघळायला लागते. सळई टाकीला कुठे टेकता कामा नये, स्टेनलेस तर मुळीच वापरायची नाही (त्यातून विषारी क्रोमियम सुटतं), आणि हायड्रोजन निघतो म्हणून हे अंगणात, बंद खोलीत नाही. दोन दिवस, मधे सळई घासून पुन्हा. तळाशी दोन सुईएवढी भोकं उघडी पडली, ती पितळ भरून बुजवली. नंतर धुऊन, हेअर ड्रायरने सुकवून लगेच आत टू-स्ट्रोक ऑइल फिरवलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल.

बाजूचं क्रोम मात्र जुनंच ठेवलं. खड्डे आहेत त्यात. पण नवं क्रोम चढवायचं म्हणजे आधी पत्रा घासून काढणं आलं, आणि हा पत्रा जागोजागी आधीच पातळ आहे.

मरून रंग गॅरेजवाल्याने दिला, त्यावरची सोनेरी रेघ मल्हारगंजच्या एका म्हाताऱ्या पेंटरने. ते नंबर प्लेटा रंगवतात. स्टिकर लावून दोन तासांत होतं, पण स्टिकरची कड उन्हात उठते. त्यांनी लांब केसांचा ब्रश रंगात बुडवला, काचेच्या तुकड्यावर दोनदा ओढून जास्तीचा रंग काढला, करंगळी टाकीच्या कडेवर टेकवली आणि श्वास धरून एका दमात अख्खी रेघ ओढली. मी पुढची रेघ होईपर्यंत बोलायला घाबरलो. डाव्या गुडघ्यापाशी रेघ किंचित जाड झाली आहे. ती तशीच राहील.

आता कस्टमचा विषय. भाच्याला कॅफे रेसर हवी आहे, म्हणजे मागची फ्रेम कापा, एकेरी सीट लावा, साडी गार्ड (मागच्या चाकाची जाळी) काढा. पहिल्या दोन गोष्टींना मी आयुष्यात हो म्हणणार नाही. साडी गार्डवर मात्र मीही डळमळलो होतो, कारण जावा मुळात चेकोस्लोव्हाकियाची, आणि त्या मूळ चेक गाडीला तो नसायचाच, मग 'ओरिजिनल' काय म्हणायचं? पण ही चेक गाडी नाहीच. ही मैसूरहून निघून इंदुरात आलेली गाडी आहे, आणि आजी तिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसायची. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकायलाच सांगतो. गार्ड घासून, काळा करून परत लावला. भाच्याने दोन दिवस अबोला धरला.

माझा एकमेव फेरफार बारा व्होल्टचा. सहा व्होल्टच्या उजेडात रात्री एबी रोडला ट्रकसमोर जायची माझी छाती नाही. मूळ डायनॅमो काढून त्याच उजव्या कव्हरखाली बारा व्होल्ट वीज बनवणारी रोटर-स्टेटरची किट, नवी कॉइल, नवा रेग्युलेटर. वायरिंग दोन संध्याकाळचं काम होतं, ते झालं. एकही भोक नवं पाडलेलं नाही, डायनॅमो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात आहे.

तो जपण्यामागे कागदोपत्री हिशोबही आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे बदल नकोत. नव्या नोंदणीचे वीस हजार, दहा वर्षांची मुदत. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मला तिच्यावरून रविवारी पोहे-जिलेबी आणायची आहे. त्यामुळे सध्या साधं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरणच.

परवा पहाटे, गिअरबॉक्समध्ये पुन्हा एक लिटर तेल भरून, निघालो. अन्नपूर्णा, राऊ, महू, आणि परत, मग राहिलेले किलोमीटर घराभोवतीच्या फेऱ्यांत, मीटरवर आणखी बरोबर साठ होईपर्यंत. लिटरला पुन्हा चाळीस मिली, उस्तादांचा शब्द. पहिल्या पाच मिनिटांनंतर आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. राऊच्या सर्कलवर पुढचा ब्रेक कुरकुरतो, ते लाइनर बघायचे आहेत. स्पीडोमीटरचा काटा चाळीसपासून सत्तरपर्यंत नाचतो, कुठलीही संख्या निवडा. तिसरा गिअर कधीकधी दोनदा मागावा लागतो.

घरी येऊन, इंजिन गरम असतानाच, पुन्हा तोच बोल्ट, पुन्हा तोच जग. ९८० मिली. उरलेले वीस मी केसिंगला चिकटलेले धरतो.