चांदणी कोरलेला चेंडू आणि कोऱ्या टोपीची पाटी

किंग्स्टनला थ्रूवे सोडून 28 नंबरच्या रस्त्याला लागलो तेव्हा भाचा जागा झाला. एडिसनहून पहाटेच निघालो होतो. कॅटस्किलचे डोंगर हिरवेगार झाले होते, रस्ता वळणावळणाचा. त्याचं मात्र बाहेर लक्ष नव्हतं. घरून निघाल्यापासूनचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला, "मामा, जिथे बॅरी बॉन्ड्सची पाटीच नाही, त्याला हॉल ऑफ फेम कसं म्हणायचं?" हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या नावाच्या पाट्या लागतात ते मानाचं दालन. आणि बॉन्ड्स म्हणजे सर्वांत जास्त होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलावणारे फटके) मारलेला, पण स्टेरॉइड्सच्या, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या औषधांच्या, संशयात अडकलेला फलंदाज.

पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या संघात पहिल्या बेसवर खेळतो. त्याला बेसबॉलचे आकडे तोंडपाठ आहेत. ताई म्हणाली होती, सुट्टीत याला कूपर्सटाउन दाखवून आण. म्हणून 2024 च्या जूनमध्ये आम्ही दोघेच निघालो.

कूपर्सटाउन हे न्यूयॉर्क राज्यातलं, दोन हजारांच्याही आत वस्तीचं गाव. ऑट्सेगो तळ्याच्या दक्षिण टोकाला वसलेलं. तळ्यातून एक ओढ्यासारखा प्रवाह बाहेर पडतो, तीच पुढे अफाट होणारी सस्क्वेहाना नदी. 1839 साली अॅब्नर डबलडे नावाच्या माणसाने याच गावात बेसबॉल शोधून काढला, अशी एक दंतकथा. ती खरी नाही. त्या साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. पण त्याच कथेची शंभरी साजरी करत 1939 साली इथे हॉल ऑफ फेम उघडलं. मेन स्ट्रीटवर जिकडे पाहावं तिकडे बॅटची, कार्डांची, टोप्यांची दुकानं.

आत शिरायच्या आधी माझी एक आठवण सांगायला हवी. 2007 च्या ऑगस्टमध्ये मी या देशात नवीन होतो, आम्ही चौघे एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. 7 तारखेची रात्र, आमच्याकडे बारा वाजत आले होते. टीव्हीवर सॅन फ्रान्सिस्कोचा सामना लागला होता. बॉन्ड्सने चेंडू उजव्या मध्यभागी लांब प्रेक्षकांत भिरकावला आणि हँक एरनचा 755 होम रनांचा विक्रम मोडला. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर एरनचा आधीच चित्रित केलेला अभिनंदनाचा संदेश दाखवला. मी सोफ्यावरून उडी मारून टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेला मित्र मात्र हलला नाही. तो लहानपणापासून इथेच वाढलेला. "टाळ्या वाजवू नकोस," एवढंच तो म्हणाला. मला त्याचा रागच आला होता.

तो विक्रमी चेंडू याच संग्रहालयात आहे. आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे होतो. एका फॅशन डिझायनरने तो लिलावात साडेसात लाख डॉलर देऊन घेतला आणि त्याचं काय करायचं यावर इंटरनेटवर मतदान घेतलं. जसाच्या तसा संग्रहालयाला द्यावा, रॉकेटमधून अंतराळात धाडावा, की त्यावर तारकाचिन्ह कोरून मग द्यावा? लोकांनी तारकाचिन्ह निवडलं. पुस्तकात "खाली टीप पाहा" म्हणून घालतात ना, तीच चांदणी. आता ती चेंडूच्या पांढऱ्या चामड्यात कोरलेली दिसते. भाच्याने काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे हा खरा आहे की खोटा?"

चेंडू खरा आहे. फटकाही खरा होता. बॉन्ड्सचं काय झालं, ते मी त्याला जिन्यावर बसून सांगितलं.

1998 च्या ऑगस्टमध्ये बॉन्ड्सने 400 वा होम रन मारला. 400 होम रन मारणारा आणि 400 बेस चोरणारा (म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठणारा) तो पहिला खेळाडू. देशाने त्याच्याकडे फारसं पाहिलंही नाही, कारण तेव्हा सगळ्यांचे डोळे मार्क मॅकग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यावर होते. दोघांनीही रॉजर मॅरिसचा 1961 चा, एका मोसमातल्या 61 होम रनांचा विक्रम त्या मोसमात मोडला. मॅकग्वायरने 70 मारले, सोसाने 66. मॅकग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोन या ताकद वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची बाटली एका पत्रकाराला दिसली होती. तेव्हा बेसबॉलमध्ये त्यावर बंदी नव्हती. स्टेरॉइड्स घेतल्याचं त्याने कबूल केलं ते 2010 साली.

बॉन्ड्सने 2001 मध्ये एका मोसमात 73 होम रन मारले, तेव्हा त्याचं वय 37 होतं. त्याआधी एका मोसमात त्याने कधी 49 च्या वर मजल मारली नव्हती. 2003 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बाल्को नावाच्या प्रयोगशाळेवर, खेळाडूंना स्टेरॉइड्स पुरवल्याच्या संशयावरून, धाड पडली. ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, बॉन्ड्स म्हणाला की ट्रेनरने दिलेली औषधं आपण जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम समजून वापरली. न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा ठपका 2011 मध्ये ज्युरीने ठेवला, 2015 मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. कोर्टाच्या दृष्टीने प्रकरण संपलं. त्याच काळातल्या, असाच संशय घेतल्या गेलेल्या रॉजर क्लेमेन्सचंही तसंच. 354 सामने जिंकलेल्या या पिचरला (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला) 2012 मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं.

"मग?" भाचा म्हणाला. त्याचं "मग?" मला पटत होतं. 2004 मध्ये पिचरांनी बॉन्ड्सला 120 वेळा मुद्दाम चालत पहिल्या बेसवर पाठवलं, म्हणजे त्याला फटकावता येईल असा चेंडू टाकायचीच त्यांची छाती झाली नाही. सुईने हात आणि डोळ्याचा तो मेळ येत नाही. बेसबॉलमध्ये याच्याहून मोठा फलंदाज मी पाहिलेला नाही आणि ते माझं मत आजही बदललेलं नाही.

खाली एरनचा ब्राँझचा पुतळा महिन्याभरापूर्वीच बसवला होता. बेब रूथचा 714 होम रनांचा विक्रम मोडायला निघालेल्या या काळ्या माणसाला 1973 साली पत्रांच्या गोण्याच्या गोण्या यायच्या, त्यांत ठार मारण्याच्या धमक्या असायच्या. 8 एप्रिल 1974 ला त्याने 715 वा मारला. ते सगळं सोसून उभा केलेला आकडा होता तो. भाच्याने पुतळ्याच्या हातातली बॅट पाहिली आणि गप्प झाला. मला 2007 मधला माझा मित्र आठवला. तो टाळ्या का वाजवत नव्हता, ते मला सतरा वर्षांनी नीट कळलं.

मग पाट्यांचं दालन. ओकच्या लाकडाच्या भिंती, उंचावरून येणारा उजेड आणि त्यावर ओळीने ब्राँझच्या पाट्या. इथे लोक आपोआप हळू बोलतात. बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मत देतात आणि 75 टक्के मतं लागतात. मत देताना खेळाबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य पाहावं, असं नियमातच लिहिलंय. बॉन्ड्सला दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, 2022 मध्ये, 66 टक्के मिळाली.

हे दालन आणि वरचं संग्रहालय एकाच छताखाली असलं, तरी दोघांचं काम वेगळं आहे, हे मला इथे उभं राहून लख्ख दिसलं. वर घडलं ते सगळं आहे, चांदणीचा चेंडूसुद्धा. ते तिथेच असायला हवं. खाली मान दिला जातो. मान कोणाला द्यायचा हा प्रश्न नुसत्या ताकदीचा नाही. तो ज्यांनी स्टेरॉइड्स घेतली नाहीत त्यांचाही आहे.

त्या दालनात मी फ्रेड मॅकग्रिफची पाटी शोधत होतो. 2023 मध्ये लागलेली. तोही पहिल्या बेसवरचाच खेळाडू. चेहरा शांत, आणि टोपी कोरी. बाकीच्या बहुतेक पाट्यांवर टोपीवर संघाचं चिन्ह असतं. हा बऱ्याच संघांकडून खेळला, म्हणून त्याने टोपी कोरीच ठेवायला सांगितली. 1989 मध्ये 36 आणि 1992 मध्ये 35 होम रन मारून तो बेसबॉलच्या दोन लीगपैकी आधी एकीत, मग दुसरीत पहिला आला. तेव्हा तेवढ्यात पहिला नंबर यायचा! पाच-सहा वर्षांत 50, 60, 70 चे आकडे आले आणि त्याचे 30-35 किरकोळ वाटायला लागले. त्याचं नाव कधीही कुठल्या औषधाशी जोडलं गेलं नाही. कारकिर्दीत 493 होम रन, पाचशेला सात कमी. दहा वर्षं पत्रकारांच्या मतदानात होता, शेवटच्या वर्षीही 40 टक्के झाली नाहीत.

स्टेरॉइड्सनी काय बिघडवलं म्हणाल तर मोजपट्टी. बॉन्ड्स त्यांच्याशिवायही थोर झालाच होता. पण मोजपट्टी ताणली गेली आणि सरळ मोजला जाणारा माणूस बुटका ठरला. 2022 च्या डिसेंबरात, पत्रकारांच्या मतदानात राहून गेलेल्यांचा पुन्हा विचार करणाऱ्या सोळा जणांच्या समितीने मॅकग्रिफला सोळाच्या सोळा मतं दिली. त्याच यादीत बॉन्ड्स होता, त्याला चारही मिळाली नाहीत. मला तो न्याय वाटला. उशिरा झालेला, पण न्याय.

एका गोष्टीने मात्र जीव जळतो. बड सेलिग हे त्या सगळ्या काळात बेसबॉलचे आयुक्त होते. 1998 च्या होम रनांनी स्टेडियमं भरली, सगळ्यांचे खिसे भरले. दोषी ठरल्यास शिक्षा असलेल्या स्टेरॉइड्सच्या चाचण्या सुरू झाल्या त्या 2004 पासून. सेलिगांची पाटी 2017 पासून त्याच भिंतीवर आहे. खेळाडूंना दारात अडवायचं आणि डोळे मिटून बसलेल्या साहेबांना आत बसवायचं, हे मला मुळीच पटत नाही. बॉन्ड्सची पाटी नको म्हणणाऱ्याने ही पाटीसुद्धा नको म्हणायला हवं, आणि मी म्हणतो.

दुपारी डबलडे फील्डच्या लाकडी बाकांवर बसलो. मैदानात पन्नाशीचे हौशी खेळाडू खेळत होते, एकाच्या गुडघ्याला पट्टा होता. भाचा बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून होता. वाटलं, पुन्हा बॉन्ड्सचे व्हिडिओ. मग म्हणाला, "मामा, 94 ला संप झाला ना? मोसम अर्धवट राहिला?"

"हो, ऑगस्टमध्ये."

"मॅकग्रिफचे तेव्हा 113 सामन्यांत 34 होते." तो बोटाने हिशोब करत होता. "अजून 48 सामने होते. म्हणजे साधारण चौदा." थोडं थांबून त्याने बेरीज पुन्हा केली. "507 झाले असते, मामा."