आधी नाक, मग पाय

कोकणात हद्दीच्या दाव्यांत पिढ्या सरतात. त्यामुळे गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, तंगडी वर करणारा कुत्रा दिसला की वाटतं, हाही सातबाऱ्यावर नाव चढवतोय. पण जमिनीत त्याला एवढा रस नसतो. परक्याचा गडगाही तो तितक्याच आपुलकीने भिजवतो. आधी इथून कोण गेलं, नर की मादी, मादी माजावर आहे का, हे त्याला हुंगून घ्यायचं असतं आणि आपण येऊन गेल्याचं कळवायचं असतं. म्हणून तो जुन्या खुणेवरच नवी खूण टाकतो. एक कोपरा एकदा भिजला की वाडीतला प्रत्येक कुत्रा तिथेच का थांबतो, ते यावरून कळावं.

लघवी करणं वेगळं आणि खूण करणं वेगळं. लघवीची धार लांब असते. खुणेला चार थेंब पुरतात, पण उभी वस्तू लागते आणि आधी भरपूर हुंगणं लागतं. मादीही खुणा करते, माजाच्या आधी जास्तच.

लोकांच्या गडग्यांवर खुणा नको असतील तर कुत्र्याला फिरायला घेऊन निघाल्यावर पहिली पाच मिनिटं ठरलेल्या एकाच जागी थांबावं, आपल्याच परसातल्या माडाशी. पट्टा आखूड धरून गप्प उभं राहायचं. त्याने धार सोडली की लगेच उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. खारी सुकी मासळी त्याला जास्त आवडेल, पण मीठ पोटात गेलं की तो पाणी ढोसतो, आणि ते पाणी शेवटी कुणाच्या तरी गडग्यावरच जातं. मोकळा झाल्यावर खुणा थांबतील असं मात्र समजू नये. त्या कामासाठी तो थोडी शिल्लक नेहमीच राखून असतो.

खरी मेख नाकात आहे. चाल मंदावते, मान खाली जाते, नाक एकाच जागी चिकटतं, मग अंग आडवं वळतं आणि शेवटी पाय उचलला जातो. ‘चल’ म्हणायचं ते नाक चिकटताना. अंग वळल्यावर उशीर झालेला असतो. पाय वर असताना हिसका देणं तर सर्वांत वाईट. त्यातून तो एवढंच शिकतो की मालकासमोर मुतायचं नाही, आणि मग रात्री पडवीच्या कोपऱ्यात उरकतो. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस आणि दीड मीटरचा साधा पट्टा बरा. लांब होत जाणारा पट्टा अरुंद पाणंदीत कामाचा नाही, कारण तुम्ही ‘चल’ म्हणेपर्यंत कुत्रा पुढच्या घराच्या बेड्याशी (फाटकाशी) पोचलेला असतो. ‘चल’ ऐकून तो आला की दहा-पंधरा पावलांवर तुकडा द्यावा आणि पुढच्या परवानगीच्या जागी मनसोक्त हुंगू द्यावं. करवंदीची जाळी, पडीक कुंपण, सुरूच्या बनाची कड अशा जागा त्याला आंदण द्याव्यात. हुंगायलाच मिळालं नाही तर तो पट्टा ओढणारच.

वर्ज्य जागा सांगायला नकोत, पण सांगतो: तुळशीवृंदावन, देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, सारवलेलं खळं, रापणीची जाळी, आणि किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी. तिथे ‘कुत्रा आहे, चालायचंच’ म्हणणाऱ्याला काकी जे ऐकवतील, ते वाजवीच असेल. उभ्या स्कूटरपासूनही दोन हात लांबून न्यावं. टायर गावोगावचे वास घेऊन आलेला असतो. त्याचा मोह कुत्र्याला आवरत नाही. पावसाळ्यात विजेचे खांब आणि त्यांना ताणून धरणाऱ्या तारा यांच्या जवळपासही फिरकू नये, ओल्या जमिनीत करंट उतरण्याची भीती असते.

तरी एखादी खूण होतेच. सोबत लिटरभर पाण्याची बाटली ठेवून तिथल्या तिथे ओतावी. गडग्याचा जांभा दगड सच्छिद्र, लघवी आत मुरते आणि पावसाळी दमट हवेत जुना वास पुन्हा वर येतो. फिनेलने तो नुसता झाकला जातो, अमोनियाच्या क्लीनरला तर लघवीसारखाच वास. जुन्या डागावर एन्झाइमचा क्लीनर लघवी मुरली तितका खोल जाईल एवढा ओतावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ ओला राहू द्यावा. वरवर फवारा मारून काही होत नाही.

खच्चीकरणाने साधारण निम्म्या नरांच्या खुणा बऱ्याच कमी होतात. उरलेल्यांत फार फरक पडत नाही. मात्र लघवी एकाएकी थेंबथेंब होऊ लागली, कुंथावं लागलं, रक्त दिसलं तर तो खोडकरपणा नव्हे, पशुवैद्याकडे न्यावं. लघवी अजिबातच होत नसेल तर त्याच दिवशी न्यावं. कुत्रे खुणा नुसत्या हुंगत नाहीत, चाटतातही, आणि पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे) जंतू लघवीतूनच पसरतात. त्यामुळे त्या लशीचा दरवर्षीचा डोस चुकवू नये.

राहता राहिली कुत्रे फिरकू नयेत म्हणून गेटाशी ठेवलेली निळीच्या पाण्याची बाटली. कुत्र्याला निळा रंग चांगला दिसतो, पण त्याची भीती का वाटावी हे बाटली ठेवणाऱ्यालाच ठाऊक. उलट गेटाशी आयती एक उभी वस्तू मिळाली, एवढंच तो हेरतो.