पिवळ्या ट्यूबमध्ये जांभळीतलं रक्त

सकाळी साडेअकराला स्क्रीनवर लाल आकडा आला. पोटॅशियम ७.२. पेशंट ६२ वर्षांच्या आजी, सॅम्पल तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून आलेलं. आमच्या लॅबमध्ये हा आकडा ६.५च्या वर गेला की डॉक्टरांना लगेच फोन करायचा. एवढं पोटॅशियम खरं असेल तर हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात.

रिसीव्हर उचलायच्या आधी ट्यूब उजेडात धरली. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, गुलाबी दिसतं. हे तर स्वच्छ पिवळं. मशीन तपासायला लावतो ती उत्तर आधीच माहीत असलेली सॅम्पल, म्हणजे सकाळचे दोन्ही कंट्रोल, तक्त्यावर मधल्या रेषेला चिकटून बसलेले. तेच सॅम्पल परत लावलं, ७.१. मशीनला दोष द्यायला जागाच नव्हती.

मग खालचे आकडे पाहिले. कॅल्शियम ४.०. एवढं कमी असेल तर माणसाचे हातपाय वळतात. या आजी तर चालत येऊन रक्त देऊन गेल्या होत्या. अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं एन्झाइम, तेही फारच कमी, १४. हे तिघं एकत्र दिसले की लॅबवाल्याच्या डोळ्यांसमोर जांभळ्या झाकणाची ट्यूब येते. पोटॅशियम पिवळ्या ट्यूबमधल्या रक्तावर करतात, जांभळी असते सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला. तिच्यात आतून ईडीटीए नावाचं रसायन लावलेलं असतं, ते पोटॅशियमचा क्षार असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. फॉस्फेटेजला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही तेच पळवतं.

डॉक्टरांना फोन केला. "सर, आकडा ७.२ आहे, पण मला तो पटत नाही. दुसरं सॅम्पल मागवतेय. तोवर आजींचा ईसीजी काढता का?" ईसीजी नॉर्मल निघाला. तो आकडा खरा धरून पोटॅशियम उतरवायची औषधं दिली असती तर काय झालं असतं, ते नको.

मग सेंटरवरच्या मुलाला फोन लावला. तो आधी गप्पच. नंतर म्हणाला, "मॅडम, शीर नीट लागत नव्हती. पिवळ्यात कमी आलं, जांभळ्यात जास्त. बूच काढून थोडं ओतलं. रक्त तर आजींचंच ना?"

"अरे, मग शॉर्ट म्हणून, रक्त कमी आलंय असं सांगून पाठवायचं!"

"शॉर्ट पाठवलं की तुमच्या वहीत नाव जातं."

वही माझीच. नाकारलेल्या प्रत्येक सॅम्पलपुढे ते घेणाऱ्याचं नाव, आणि महिन्याला तीनपेक्षा जास्त वेळा आलं की आमच्या लॅबच्या सरांपुढे उभं राहायचं. गेल्या ऑडिटला त्या वहीचं कौतुक झालं होतं. नाकारलेली सॅम्पल कशी महिन्यागणिक घटली, याचा तक्ता मी रंगीत प्रिंट काढून भिंतीवर लावला होता. त्यातली किती खरंच घटली आणि किती अशी ओतली गेली, देव जाणे. त्या दुपारी जेवताना माझी खुर्ची नेमकी त्या तक्त्यासमोर होती.

संध्याकाळी मी स्वतःच त्याच्याबरोबर आजींच्या घरी गेले. आजींनी त्याच्याकडे बघत विचारलं, "काय रे, सकाळचं सांडलंस का?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही आजी, ओतलं."

आजींना काही कळलं नाही, पण त्यांनी दुसरा हात पुढे केला. "आता यातलं घे, तो ठणकतोय." या वेळी आधी पिवळी भरली, मग जांभळी, आणि मी शेजारी उभी असल्यानं त्याचा हात जरा थरथरत होता. पोटॅशियम ४.५, कॅल्शियम ९.१.

वहीतला नावाचा रकाना मी काढून टाकला, त्याजागी 'कारण' लिहिलं. सरांना ते लगेच पटलं नाही. पुढच्या महिन्यात नाकारलेल्या सॅम्पलचा आकडा चांगलाच वर गेला. तो तक्ताही मी रंगीत काढून त्याच भिंतीवर लावला.