मामाच्या हातात वस्तरा

श्रावण सुटल्यापासून गणपती येईपर्यंतचे तीन-चार दिवस आमच्या धंद्यात जेवायलाही सवड नसते. महिनाभर राखलेल्या दाढ्या एकदम सुटतात, त्यात मुंबईचे चाकरमानी उतरतात. एरवी मालवणच्या बाजारात माझं दुकान सोमवारी बंद असतं, पण त्या आठवड्यात वार कोण बघतो! गेल्या वर्षी अशाच एका सकाळी सहाला शटर वर करायला गेलो, तर पायरीवर छत्री मिटून मामा बसलेला.

"आज दाढी मिया करतलंय," म्हणाला. "वस्तरो काढून ठेवलंस मा?"

आदल्या रात्री त्याने फोन केला होता. मला वाटलं मस्करी करतोय. तरी आजोबांचा, म्हणजे मामाच्या वडिलांचा, वस्तरा डब्यातून काढून निसण्यावर, धारेच्या दगडावर, लावून ठेवला होता.

मामाने वस्तरा मागावा यात काय विशेष, हे आमच्या घरच्यांनाच कळेल. तो धोकटी, म्हणजे न्हाव्याच्या सामानाची पिशवी, सोडणारा आमच्यातला पहिला. दहा-अकरा वर्षांचा असताना तो आजोबांबरोबर पाण्याची वाटी धरून घरोघर जायचा. ओटीवर केस पडता कामा नयेत, म्हणून हजामत खळ्यात. पाऊस असला तर गोठ्याच्या पडवीत. मोबदला वर्षातून एकदा, भात झोडून झाल्यावर, आणि तोही आठवण केली तर. मामाने तेव्हाच ठरवलं की वाटी धरली ती धरली, वस्तरा हातात घ्यायचा नाही. पुढे एसटीत ड्रायव्हर झाला, मालवण-कोल्हापूर गाडीवर कित्येक वर्षं काढली, आणि स्वतःची दाढी आयुष्यभर ब्लेडच्या रेझरने केली. न्हाव्याच्या घरातला मुलगा, पण वस्तऱ्याची धार त्याने बघितली ती आजोबांच्या हातातच.

मग आताच का? कारण गळ्यावरच्या पुळ्या. मुलाने आणून दिलेला तीन पात्यांचा रेझर तो दोन वर्षं वापरत होता. पुढचं पातं केस ओढतं, मागचं कापतं. केसाचं टोक कातडीच्या आत जातं आणि वाढताना आतच वळतं. असे गळे मी रोज बघतो. एका धारेने, केसाच्या कलाने केलेली दाढी अशांना सोसते, एवढंच मी कधीतरी बोललो होतो. ते त्याने धरून ठेवलं.

खुर्चीवर बसवून मी आधी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? वयस्क गिऱ्हाईक असलं की हे विचारतोच. अशा माणसाला बारीकसा काप गेला तरी तुरटीला तो दाद देत नाही. मामाला फक्त बीपीची गोळी. मग म्हटलं, "तोंड उघड." कवळी खिशात होती.

"कवळी कित्याक? दाढी करूची आसा, मटान खावचा नाय."

दात नसले की गाल आत बसतो, आणि बसलेल्या गालावर वस्तरा फिरत नाही, रुततो. कवळी घालून घेतली. ट्रिमरने महिन्याचं रान उतरवलं, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तीन-चार मिनिटं गुंडाळला, आणि ब्रशने साबण घोळवला.

वस्तरा सोलिंगनचा. सोलिंगन म्हणजे जर्मनीतलं पात्यांसाठी नावाजलेलं गाव. पात्याच्या मुळाशी ते नाव अजून वाचता येतं. आजोबांना तो बोटीवरच्या कुणीतरी आणून दिलेला. पोलाद साधं, म्हणजे आमच्या खाऱ्या हवेत पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस ठिपके. आजोबा खोबरेल लावायचे. ते चिकट होतं, म्हणून मी शिवणयंत्राचं तेल लावतो. खरं सांगायचं तर दुकानात मी हा वस्तरा वापरतच नाही. एड्सची भीती गावात पोचली तेव्हापासून वडिलांनीही ब्लेड मोडून अर्धं पातं लावायचा वस्तरा घेतला, दर माणसाला नवं पातं. आजोबांचा वस्तरा आता एकाच तोंडाला लागणार असेल तरच बाहेर काढायचा, हे मामाला आधीच सांगितलं.

पहिला धडा चामोट्याचा, म्हणजे वस्तरा परतायच्या चामड्याच्या पट्ट्याचा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवरच उलटायचं, धारेवर नाही. मी दहा वेळा करून दाखवलं. मामाने तीन फेऱ्या झकास मारल्या आणि चौथीला घाईने धारेवर उलटवलं. चामोट्याला बोटभर काप! आजोबांचाच चामोटा. मामा कापाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बाबांनी आता माका मारल्यानी असतो." धार पुन्हा निसण्यावर घ्यावी लागली, पंधरा मिनिटं गेली, आणि बाहेर पहिलं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं.

मग धरायला शिकवलं: तीन बोटं मुळावर, करंगळी शेपटीवर, पाठ गालापासून किंचित वर, साधारण तीस अंश. दुसऱ्या हाताने कानाजवळची कातडी वर ओढायची. म्हातारी कातडी सैल, ती ओढल्याशिवाय काही खरं नाही. पण त्याची खरी अडचण दाबाची. रेझर दाबून फिरवायची पन्नास वर्षांची सवय. तोच दाब वस्तऱ्यावर दिला की काप. "हलका, मामा, हलका" म्हणून माझा घसा बसला. दोनदा मनगट धरून थांबवलं. तेवढ्यात त्यानेच हात खाली घेतला.

"समाजला," म्हणाला. "फोंडा घाट उतरताना ब्रेकार पाय ठेवन ऱ्हवलंय तर लायनर जळतले. गाडी गियरात ठेवची, वजन गाडीचाच. तसाच ना?"

तसंच. माझ्या वडिलांनी मला हे शिकवायला सहा महिने घेतले होते.

पुढचा हात त्याने वस्तऱ्याच्या वजनावर सोडला. सुपावरून पीठ झटकावं तसा बारीक आवाज आला, आणि कानापासून जबड्यापर्यंत एक स्वच्छ पट्टा उघडा पडला. मामा आरशात बघत नव्हता, आवाज ऐकत होता. दुसऱ्या गालाला डावा हात वापरायचा नाही म्हणून हट्टाने उजवाच आडवा नेला. नाकाशी अडला, कोपर माझ्या छातीत लागलं, जबड्याच्या टोकाशी एक लाल ठिपका आला. तुरटी फिरवली.

हनुवटी आणि ओठावरचा भाग मी काढून घेतला. पहिल्यांदा शिकणाऱ्याने गालांपुढे जाऊ नये. तिथे कातडी दर बोटाला वळते. गळाही मीच केला, अर्ध्या पात्याने, केसाच्या कलाने, एकच हात.

उठताना मामाने शंभराची नोट काढली. मी नको म्हटलं. "भवानी आसा," म्हणाला, "पयल्या गिऱ्हायकाक परत धाडशीत?" नोट गल्ल्यात ठेवली.

वस्तरा पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला, तर त्याने परत माझ्या हातात ठेवला. "हयच ऱ्हवांदे. घराक न्हेलंय तर गंजतलो."

आता दर सोमवारी, दुकान बंद असताना, सहाला येतो. चामोट्यावरचा काप वाचवून वस्तरा परतायला त्याला छान जमतं, मला अजून अडखळायला होतं. गळ्यावर पुळी दिसत नाही. दोन्ही गाल तो करतो. हनुवटी अजून माझ्याकडे आहे.