घाट चढताना ब्लिंक होणारी लाइट

डॅशबोर्डवरची इंजिनची पिवळी लाइट नुसती लागून राहिली असेल, तर गॅरेजला फोन करणाऱ्याला मी सांगतो, ‘सावकाश घेऊन या.’ ब्लिंक होत असेल तर सांगतो, ‘बाजूला घ्या, इंजिन बंद करा.’ लोकांना दोन्ही सारखंच वाटतं. पण ब्लिंक होणं म्हणजे इंजिन जोरात मिसफायर करतंय. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, तरी येतच राहतं. ते न जळता सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जातं आणि तिथं पेट घेतं. त्याच्या आतली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेनं वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, त्यामुळं नवीन कन्व्हर्टरची किंमत ऐकून माणूस खालीच बसतो.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी अण्णांचा फोन आला तो यवतेश्वर घाटातून. कासच्या बाजूला त्यांचं गाव, साताऱ्याला रोजची ये-जा. फुलांचा सीझन, घाटात गाड्यांची रांग, वर बारीक पाऊस. म्हणाले, “लाइट उघडझाप करतीय, गाडी ओढत न्हाई. वळवून इंजिन बंद करतो आणि उतारानं सोडतो खाली, चालंल?”

मी जवळजवळ ओरडलोच. इंजिन बंद झालं की ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. क्रेन पाठवली.

गाडी समर्थ मंदिरावरून खाली गॅरेजला आली, चालू केली तर इंजिन अगदी शहाण्यासारखं. आयडलिंगला ना थरथर, ना मिसिंग. अण्णा ओशाळले. “इथं आली की बरी होती बघा.” मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. आधी दुसरीकडं दाखवली होती. तिथं स्कॅनर लावला, तिसऱ्या सिलिंडरचा कोड आला, चारही प्लग आणि तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देते ती) नवी टाकली. आठवडाभर गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. जुनी कॉइल अण्णांनी डिकीत जपून ठेवली होती.

मी स्कॅनर लावला. पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. हा दोष इसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळतो कसा, हे माहीत असलं की कोडवर किती विश्वास ठेवायचा तेही कळतं. सिलिंडर फायर झाला नाही की क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, त्या क्षणाला किंचित मंदावतो. क्रँक सेन्सर ते पकडतो, आणि पाळी कुणाची होती यावरून इसीएम नंबर लावतो. बस, एवढंच. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही की कॉम्प्रेशन गेलं, यातलं काही तो कोड सांगत नाही. कोड वाचून थेट कॉइल बदलणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

कोडसोबत साठलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष आला त्या क्षणाची नोंद पाहिली. इंजिन गरम, लोड भरपूर, वेग कमी. म्हणजे चढाला, वरच्या गिअरात. उभ्या गाडीत नुसती रेस करून हा दोष दिसणार नव्हता.

आधी तिसऱ्याची कॉइल दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. मग इंजिनवर लोड यावा म्हणून चाकांना उटी लावली, हँडब्रेक ओढला, गॅरेजमधल्या पोराला आत बसवून पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडा सोडायला लावला. इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कललं आणि स्कॅनरवर मिसफायरचा आकडा धावायला लागला. अजून तिसऱ्याचाच. कॉइल खराब असती तर दोष तिच्याबरोबर दुसऱ्याकडं गेला असता. प्लगची अदलाबदल करून पाहिली, तेच.

आता मला तो झुकाव खटकत होता. इंजिन कललं की मिसिंग, सरळ झालं की गप्प. आयडलिंगला ठेवून तिसऱ्या कॉइलकडं जाणारी वायरिंगची फांदी दोन बोटांत धरून जरा ओढली. इंजिन अडखळलं. सोडली, पुन्हा सुरळीत.

टेप कापली तर आत उंदराच्या लेंड्या. एका वायरचं वरचं आवरण कुरतडलेलं, तांब्याचे दोन-तीनच धागे शिल्लक, आणि त्यांच्यावर पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक. चढाला इंजिन कललं की वायर ताणायची, धागे सुटायचे, ठिणगी बंद. आधीच्या दुरुस्तीत कॉइल काढता-घालता वायर हलली, धागे टेकले, म्हणून तो आठवडा बरा गेला.

कळंक चढलेला भाग कापून टाकला, त्याच जाडीची वायर जोडून डाग दिला, वर गरम केली की आवळून बसणारी हीटश्रिंक स्लीव्ह. डाग दिलेली वायर हादऱ्यांनी सांध्याच्या शेजारी तुटते, म्हणून दोन्ही बाजू हार्नेसला, म्हणजे वायरिंगच्या जुडग्याला बांधल्या आणि इंजिन कलण्यापुरती ढील ठेवली. मग अण्णांना शेजारी बसवून यवतेश्वर घाट वरपर्यंत, मुद्दाम तिसऱ्या गिअरात पाय दाबून. आकडा शून्य. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची रेषही स्थिर होती, म्हणजे जाळी वाचली होती.

“गाडी लावता कुठं?” मी विचारलं.

“गोठ्याच्या कडंला. भाताचा पेंढा हाय तिथंच.”

पावसाळ्यात उंदराला कोरडा पेंढा आणि शेजारी गरम इंजिन, आणखी काय पाहिजे? पेंढा लांब रचा, नाहीतर गाडी अंगणात लावा, एवढंच सांगितलं. डांबरगोळ्यांवर माझा विश्वास नाही.

निघताना त्यांची ती जुनी कॉइल तिसऱ्यावर बसवून पुन्हा लोडवर चालवली. एकही मिसफायर नाही.

“म्हंजे ही चांगलीच हुती?”

“चांगलीच. ठेवा डिकीत, स्पेअर म्हणून.”

“आणि नवीचं पैसं?”

मी बिल पुढं केलं. त्यात क्रेनचं भाडं सगळ्यात मोठं होतं, वायरचे पैसे मी लावलेच नव्हते.