उत्कृष्ट शिक्षक निवडायचा तर आधी वर्गात जाऊन बसा

उत्कृष्ट शिक्षक पुरस्कारासाठी बहुतेक कॉलेजं अर्ज मागवतात. अर्जासोबत फाइल येते. तिच्यात शोधनिबंध, परिषदांची प्रमाणपत्रं, एनएसएसची शिबिरं, समित्यांवरच्या नेमणुका, वर्तमानपत्रातली कात्रणं, आणि शिकवण्याबद्दल जेमतेम एखादं पान. निवड समिती वर्गात पाऊल टाकत नाही. पुरस्कार मिळतो तो माणूस कर्तबगार असतोच, पण बी.ए. भाग एकच्या मागच्या बाकावरच्या पोरीला त्याचा विषय कळला का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

याला नियमांचीही साथ आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत कॅसच्या, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नती योजनेतल्या, बढतीसाठी शिकवणं असं मोजलं आहे: नेमलेल्या तासिकांपैकी 80 टक्के किंवा अधिक घेतल्या तर चांगलं, 70 ते 80 च्या मधे समाधानकारक, 70 च्या खाली असमाधानकारक. तास झाला का, एवढंच त्यातून कळतं. त्याच नियमावलीत संशोधन गुणांच्या तक्त्यात एका शोधनिबंधाला विज्ञानात 8 आणि भाषा-सामाजिक शास्त्रांत 10 गुण आहेत. दुसरीकडे नॅकने, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने, 2017 साली आणलेल्या चौकटीत संलग्न कॉलेजांसाठी 1000 पैकी 350 गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाला दिले, राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारही 2023 पासून उच्च शिक्षणासाठी खुला झाला. म्हणजे वरून दार उघडं आहे. तालुक्याच्या कॉलेजने स्वतःची निवड नीट करायची, एवढंच उरतं, आणि ते चाळीसेक शिक्षकांच्या कॉलेजला सहज जमण्यासारखं आहे.

समिती पाच जणांची पुरे. मागच्या वर्षीचा पुरस्कारप्राप्त शिक्षक, दोन वेगवेगळ्या विद्याशाखांचे अनुभवी शिक्षक, शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा एक जण आणि नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी. संस्थेचे पदाधिकारी यात नकोत. पुढची नेमणूक त्यांच्या हातात असते, त्यांच्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही.

सगळ्यात मोलाचं काम वर्गनिरीक्षणाचं, आणि तेच सगळ्यात जास्त बिघडतं. तारीख आधी कळली की त्या दिवशी प्रोजेक्टर लागतो, निवडक पोरं पुढे बसतात आणि नमुना पाठ होतो. न सांगता गेलं तर धाड पडल्यासारखं वाटतं. म्हणून शिक्षकाने स्वतःच्या वेळापत्रकातल्या पाच तासिका सुचवाव्यात आणि निरीक्षकांनी त्यातल्या एकीला, कोणती ते न कळवता, जावं. अशा भेटी दोन: एक ऑगस्टमध्ये, एक जानेवारीच्या शेवटी. ऑक्टोबर टाळा. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की वर्ग अर्धा रिकामा होतो, पुढे कापसाच्या वेचणीतही तेच. त्या महिन्यांची हजेरी पाहून शिक्षकाला जोखणं हा सरळ अन्याय आहे.

निरीक्षक दोघं असावेत आणि त्यातला एक दुसऱ्या विषयाचा. विषय माहीत नसलेल्यालाच कळतं की समजावणं कुठे तुटलं. 48 मिनिटांच्या तासिकेत दर पाच मिनिटांनी लिहायचं: कोण बोलतंय, मुलं काय करताहेत, फळ्यावर काय आहे. प्रश्न किती विचारले आणि विचारल्यावर शिक्षक किती थांबला, हेही टिपायचं. बहुतेक जण एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. किमान तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलतात, हे वर्गातल्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. मेळघाटातली कोरकू बोलणारी, गडचिरोलीकडची गोंडी किंवा माडिया बोलणारी पोरं वर्गात असतील तर ही थांबण्याची सवय फारच महत्त्वाची. त्यांना प्रश्न आधी स्वतःच्या भाषेत लावून घ्यावा लागतो, मग मराठीत उत्तर जुळवावं लागतं. चांगला शिक्षक त्यांना तेवढी सवड देतो आणि अडलं तर शेजारच्याशी आपल्या बोलीत बोलू देतो. निरीक्षकाला हे दिसलं तर ते ठळक लिहावं.

तास संपला की लगेच वीस मिनिटं शिक्षकाशी बोलायचं. गुण सांगायचे नाहीत. ‘आज पुढे काय करायचं ठरवलं होतं आणि काय बदललं?’ एवढं विचारलं तरी शिकवण्यामागचा विचार कळतो. तीन विद्यार्थ्यांच्या वह्याही मागून पाहाव्यात, एका तासाचं सजवलेलं रूप वह्यांत टिकत नाही.

विद्यार्थ्यांचा अभिप्राय घ्यावाच, पण त्यावर निवड टांगू नये. अभिप्रायाचे गुण आणि मुलांचं प्रत्यक्ष शिकणं यांचा संबंध 2017 मध्ये आलेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात जवळपास शून्य निघाला. संख्येचाही घोळ असतो. आठ फॉर्मपैकी सातांत 5 आणि एकात 1 असेल तर सरासरी 4.5 येते, आणि तेवढ्याने 4.6 वाल्यापेक्षा तो शिक्षक कमी ठरतो. सरासरीऐवजी किती मुलांनी काय निवडलं ते पाहावं, आणि पंधराहून कमी फॉर्म असतील तर आकडे न काढता एकेक फॉर्म वाचावा.

प्रश्न मराठीत आणि घडलेल्या गोष्टींचे हवेत. ‘सर कसे शिकवतात?’ याला सगळे ‘उत्तम’ लिहितात. ‘चाचणीचा पेपर किती दिवसांत परत मिळाला?’, ‘चूक कुठे झाली ते पेपरवर लिहिलं होतं का?’, ‘तास बुडाला तर तो भाग भरून काढायला काय करता आलं?’ असे सात-आठ प्रश्न पुरतात. अंतर्गत गुण त्याच शिक्षकाच्या हातात असल्याने मुलं घाबरतात, अक्षर ओळखलं जाईल असं त्यांना वाटतं. म्हणून खुणा करण्यापुरताच कागद, शिक्षक वर्गाबाहेर, पाकीट वर्गातल्याच मुलीने बंद करायचं, आणि अंतर्गत गुण देऊन झाल्यावरच उघडायचं. ऑनलाइन फॉर्म कुणी दुसऱ्यानेच एका मोबाइलवरून भरून टाकायचा धोका राहतो. फॉर्म शेवटच्या तासाला मात्र ठेवू नका. एसटी पकडायची असते, खेड्यावरच्या मुली तेव्हा निघालेल्या असतात आणि त्यांचंच म्हणणं राहून जातं.

निकालाची टक्केवारी हा फार कच्चा पुरावा. मराठीचा निकाल आणि गणिताचा निकाल शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा जुलैत 15 गुणांची एक साधी चाचणी घ्या, फेब्रुवारीत त्याच धर्तीची दुसरी, आणि त्याच मुलांमध्ये पडलेला फरक बघा. वर्षाच्या मध्येच नाव काढलेली पोरं हिशेबातून गाळू नका, ती का गेली ते शिक्षकाला विचारा.

फाइल ठेवायचीच तर सहा पानांची. एका घटकाचं नियोजन, एक प्रश्नपत्रिका, नाव झाकलेल्या तीन तपासलेल्या उत्तरपत्रिका (कच्ची, मध्यम, चांगली) आणि या वर्षी काय बदललं, का बदललं याचं एक पान. तपासलेल्या पेपरवर शिक्षक काय लिहितो, यात फार काही दिसतं. नुसता लाल गोल आणि ‘अनुप्रयोग चुकीचा, पान 12 पुन्हा वाच’ यात मोठं अंतर आहे.

‘सलग पाच वर्षं सेवा’ ही अट काढूनच टाका. ग्रामीण कॉलेजांत कित्येक विषय तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणारे, शिक्षक सांभाळतात, दरवर्षी नव्याने नेमले जातात, सत्र सुरू झाल्यावर येतात. नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालेले, रोज चाळीस किलोमीटर एसटीने येऊन भाग एकचे वर्ग घेणारे हे लोक या अटीने आपोआप बाद होतात. आम्हाला ही सगळ्यात मोठी चूक वाटते.

बक्षीस काय द्यायचं? शाल-श्रीफळ असू द्या, पण मानपत्रात नेमकं लिहा: कोणत्या वर्गात, कशामुळे, मुलांना काय जमू लागलं. कायम शिक्षकाला पुढच्या सत्रात परीक्षेच्या कामातून सूट द्या, त्या वेळात त्याने दोन नव्या शिक्षकांच्या वर्गात बसावं. प्रयोगशाळेसाठी किंवा नकाशा-तक्त्यांसाठी पाच हजार रुपये वेगळे काढले तर ते प्रमाणपत्रापेक्षा जास्त काळ उपयोगी पडतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला रोख रक्कम आणि प्राचार्यांच्या सहीचं सविस्तर अनुभवपत्र द्या, मुलाखतीत तेच कामी येतं. एखाद्या वर्षी पुरावा कुणाच्याच बाजूने पुरेसा नसेल तर पुरस्कार देऊ नका.

आणि निवड मार्चमध्ये करून एप्रिलमध्येच जाहीर करा. 5 सप्टेंबरची वाट पाहिली तर तासिका तत्त्वावरचे शिक्षक तोवर दुसऱ्या कॉलेजात रुजू झालेले असतात.